धूर येतोय का?

कॉइलकाकांकडे कुणी रणगाडा घेऊन आलं की ते आधी माणसाला झापायचे आणि मग रणगाड्याकडे बघायचे. रणगाडा म्हणजे रिमोटवर चालणारा, मांडीवर मावेल एवढा. तो आणणारी माणसं मात्र चांगली वाढलेली, केस पिकलेली, आणि चेहरा असा की घरातलं कुणी आजारी पडलंय.

"काका, धूर येत नाही हो."

"मग तेल ओतलं असेल."

माणूस खाली बघायचा.

"किती ओतलं?"

माणूस आणखी खाली बघायचा. मग काका रणगाडा उलटा करून जुन्या बनियनच्या तुकड्यावर धरायचे आणि त्यातून तेलाची धार लागायची. ती धार संपेपर्यंत त्या माणसाला समोर उभं राहावं लागे. तेवढी शिक्षा काका प्रत्येकाला देत.

या रणगाड्यांच्या पाठीत, इंजिनाच्या जाळीखाली, काडेपेटीएवढी एक डबी असते. डबीत काचेच्या धाग्याची वात, वातीभोवती केसासारखी बारीक तार, आणि तळाशी थोडंसं तेल. तार तापली की वातीतल्या तेलाचा धूर होतो आणि शेजारचा छोटा पंप टुकटुक करत तो धूर मागच्या नळीतून बाहेर ढकलतो. संपलं यंत्र. पण या एवढ्याशा डबीने भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणले होते. तेल कमी पडलं तर वात जळून कोळसा होते. जास्त झालं तर तार तेलात बुडते, तापत नाही आणि धूर बंद होतो. धूर बंद झाला की माणूस काय करतो? आणखी तेल ओततो. "तुम्ही लोक ना," काका म्हणायचे, "बुडणाऱ्याला पाणी पाजता."

काकांचं आयुष्य तापणाऱ्या तारांतच गेलं होतं. इस्त्री, गीझर, शेगडी, केस वाळवायचं यंत्र, काहीही आणा. बिघाड तारेत असेल तर काका ती तार नव्याने गुंडाळून द्यायचे. पुढे माणसं वस्तू दुरुस्त करेनाशी झाली, बिघडली की टाकायला लागली, आणि काकांचं दुकान आपोआप मिटलं. ते हात चोळत घरी बसले असते, पण एक दिवस निवृत्त क्रेनचालक दारात उभा राहिला. धिप्पाड माणूस, आवाज असा की शेजारच्या खोलीतलं भांडं वाजावं. सगळे त्याला जनरल म्हणत. त्याच्या मुठीत धुराची जळकी डबी होती. "एवढी बारीक तार गुंडाळता येईल का हो कुणाला?" काकांनी ती डबी उजेडात धरली, आणि त्यांना पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं.

जनरलच्या मंडळींचं एक मैदान होतं, बंद पडलेल्या गोदामामागचं. तिथे दर रविवारी हे रणगाडे एकमेकांवर खोटे गोळे झाडत फिरायचे. नियम एकच, पण कडक: ज्याचा धूर थांबला तो मेला. जनरल शिट्टी फुंकायचा आणि मालकाने आत जाऊन आपला रणगाडा काखेत मारून बाहेर यायचं. रणगाडा चालत असेल, तोफ फिरत असेल, काही उपयोग नाही. धूर नाही म्हणजे नाही. एकदा जनरलच्या स्वतःच्या रणगाड्याचा धूर बसला तेव्हा त्याने स्वतःसाठी शिट्टी वाजवली होती आणि तोंड पाडून स्वतःच आत गेला होता. तेव्हा या मंडळींच्या लेखी काका म्हणजे कोण होते ते सांगायला नको.

आता डोळ्यांचं.

काकांना काचबिंदू होता. तो कळला तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली टिकवायला." काका थेंब घालत होते. तरी उरलेलीही कडेकडेने सरकत होती, आणि जे दिसायचं त्यावर जणू कुणी दुधाचा हात फिरवलेला. भिंत धुरकट, खिडकी धुरकट, समोरच्याचं तोंड धुरकट. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ताकास तूर लागू द्यायची नाही, यात ते पटाईत होते. तार तपासायच्या मीटरवरचे आकडे दिसेनात तेव्हा त्यांनी तार जुळली की बीप वाजणारा मीटर आणला आणि सगळ्यांना सांगितलं की आकडे बघत बसणं हे शिकाऊ माणसाचं काम.

न सांगायला कारण होतं. काकांना एकच मुलगी. ती वाहन परवान्याच्या कचेरीत चालकांची परीक्षा घ्यायची, आणि तिच्या हातून पास होणं सोपं नव्हतं. लोक चिठ्ठ्या आणायचे, ओळखी काढायचे, रडायचे, बाई ढिम्म. तिने लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्यालाच नापास केलं होतं, आणि तोही गडी असा की तरीही त्याने लग्न केलं. तिला काकांची काळजी होती, पण तीसुद्धा कचेरीच्या पद्धतीने. आई गेल्यावर तिने बापाला समोर बसवून ठरवून टाकलं होतं, "बाबा, तुमचं काम तुम्हाला करता येतंय तोवर इथे राहा. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी माझ्याकडे यायचं. मग वाद नाही घालायचा."

मुलीचं घर वाईट होतं असं नाही. चांगलं मोठं, लख्ख, जावई लाघवी. पण त्या घरात काकांना बसायला एक सोफा होता आणि करायला काही नव्हतं. पाहुणे म्हणून गेले की दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या इस्त्र्या उघडून बसायचे, आणि त्या चांगल्या चालणाऱ्या असायच्या. इथे दोन खोल्या होत्या, पण खिडकीपाशी टेबल होतं. टेबलावर चिमटे, तारेची रिळं, वातीचे तुकडे, कशासाठी हात कुठे न्यायचा ते ठरलेलं. ते टेबल सुटलं की आपण नुसते जेवणारे उरणार, ही काकांची भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

तर मंडळींचा वर्षातला मोठा सामना आठवड्यावर आला आणि जनरल आपला रणगाडा घेऊन आला.

"काका, धूर धड येत नाही. मध्येच येतो, मध्येच बसतो."

"तेल ओतलं?"

"तुमच्या गळ्याची शपथ, थेंब नाही."

"माझ्या गळ्याची कशाला, तुमच्या गळ्याची घ्या," काका म्हणाले आणि रणगाडा ठेवून घेतला.

त्यांनी डबी उघडली. बोटाने चाचपलं तर वात एका जागी खरखरीत लागली, म्हणजे जळलेली. तार काढली, नवी वात कापली, नवी तार गुंडाळली. हे त्यांचे हात झोपेतही करू शकले असते. मीटर बीप म्हणाला. तेलाचे मोजके थेंब सोडले, बटण दाबलं. पंप टुकटुक करू लागला. काका नळीकडे बघत बसले.

धूर दिसेना.

आता मन लावून बिघाड शोधायचा तर एक वाट धरून जावं लागतं. तार झाली, वात झाली. मग नळी तुंबली असेल म्हणून त्यांनी नळी काढून फुंकली, साफ होती. पंपाच्या दट्ट्याची रबरी वाटी झिजली असेल म्हणून ती बदलली. धूर दिसेना. तेल जुनं असेल म्हणून नवी बाटली फोडली. धूर दिसेना. शेवटी त्यांनी कपाटातली कोरी डबी काढली, जिला कुणाचा हात लागला नव्हता, आणि ती बसवली. तरीही नाही. काका चक्रावले. एवढ्या वर्षांत असा अडेलतट्टू रणगाडा त्यांनी पाहिला नव्हता. ते त्याच्याशी बोलायला लागले, आधी गोडीने, मग शिव्या घालून. डोळे चुरचुरत होते. ते मनाशी म्हणाले, थेंबांनी चुरचुरत असतील. नाकाला तर तेलाच्या वासाची इतकी सवय होती की ते नाक साक्षीला बोलवण्यात अर्थच नव्हता.

आणि मग, एका सकाळी, खिडकीतून चांगलं ऊन आलेलं असताना, कॉइलकाकांनी बाटली उचलली आणि डबीत तेल ओतलं. धूर येत नाही म्हणून. आणखी ओतलं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी म्हाताऱ्या माणसांना शाळेतल्या पोरांसारखं उभं केलं होतं, नेमकी तीच.

त्याच वेळी मुलीने दार उघडलं. कामावर जाता जाता थेंबांची नवी बाटली द्यायला ती आली होती.

"अहो बाबा! घर पेटलंय की काय?"

ती धावत आत आली, धडपडत खिडकी उघडली, पंखा लावला, खोकायला लागली. काका टेबलापाशी बाटली हातात घेऊन बसलेले. त्यांना पहिल्यांदा वाटलं, खरंच कुठेतरी आग लागली. ते उठलेही.

"कुठे? कुठे पेटलंय?"

मुलगी थांबली. तिचा खोकलाही थांबला.

"बाबा, खोलीत धूर भरलाय. एवढा की मला तुम्ही दिसत नव्हतात."

"हां, मग? धूर काढणं माझं कामच आहे," काका म्हणाले. पण आवाजात जीव नव्हता.

"तुम्हाला दिसतोय?"

"न दिसायला काय झालं?"

"मग सांगा, आता कुठून येतोय?"

काकांनी नळीकडे बोट दाखवलं. पंप टुकटुक करत होता.

"तिथून नाही येत," ती हळूच म्हणाली. "तुम्ही आत्ता तेल ओतलंत ना, त्याने बंद झालाय. बाकीचा आहे तो खोलीतला."

काका खाली बसले. सगळ्यात आधी त्यांच्या मनात आलं ते जनरलच्या डबीबद्दल. म्हणजे पहिली तार बरोबर होती. पहिल्याच फटक्याला धूर आला होता. तेव्हापासून ते एका चांगल्या यंत्राची चिरफाड करत होते. बिघाड टेबलावर नव्हताच, तो टेबलाच्या अलीकडे बसला होता. वर्षभर ज्याला सगळंच धुरकट दिसतंय त्याला त्यात आणखी एक धूर वेगळा कसा दिसणार? हे त्यांना कळलं, आणि त्यांना इतकी लाज वाटली की मुलीकडे तोंड करवेना.

मुलगी त्या दिवशी कामावर गेली नाही. काकांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिथे काळ्या यंत्रात हनुवटी ठेवून उजेडाचे ठिपके दिसले की बटण दाबायचं असतं. काका ठिपके न दिसतादेखील अंदाजाने बटण दाबत राहिले. यंत्राला ते कळलं. बाईंनी कागद मुलीपुढे सरकवला, काकांपुढे नाही.

घरी आल्यावर काका म्हणाले, "वाद नाही घालत. पण जनरलचा रणगाडा मी खोललाय, तो मीच बंद करणार. रविवारी सामना आहे."

"तुम्हाला दिसत नाही, बाबा."

"तार डोळ्यांनी नाही गुंडाळत मी. कधीच नाही गुंडाळली. बोटांनी गुंडाळतो." ते थांबले. मग एकदम त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मला त्या सोफ्यावर नको गं बसवूस."

मुलीने थेंबांची नवी बाटली टेबलावर ठेवली. मग तिच्या कचेरीतल्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे. परीक्षा होऊ दे. रविवारी मैदानावर तुमच्या हातचा धूर शेवटपर्यंत टिकला, तर इथेच राहा. मी सकाळ-संध्याकाळ येऊन जाईन. नाही टिकला तर सामान बांधायचं."

"मान्य," काका म्हणाले. आपली पोरगी कुणाला सूट देत नाही याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आधार वाटला. तिने हो म्हटलं तर ते हो असेल.

पुढचे दिवस काकांनी त्या डबीवर जीव ओतला. बुडालेली वात फेकली, डबी पुसून वाळवली. नवी तार डोळे मिटून गुंडाळली. उघडे असले की ते मध्ये मध्ये करतात, असं ते म्हणाले. या तारेला सोल्डरचा डाग बसत नाही, तिची टोकं पितळी नळीत घालून चिमट्याने दाबावी लागतात. ते दाबणं नजरेचं काम. काकांनी ते नखाने जागा शोधून केलं. ओढून पाहिलं, टोक हललं नाही. मीटर बीप म्हणाला. बटण दाबल्यावर डबी बोटाला गरम लागली. एवढ्यावर त्यांनी रणगाडा बंद केला. मुलीला बोलावून 'बघ गं धूर येतोय का' असं विचारायचं त्यांच्या जिवावर आलं. परीक्षेआधी परीक्षकाला पेपर दाखवायचा नसतो.

रविवारी मैदानावर सगळी मंडळी जमली होती. काकांना खुर्ची दिली होती, अगदी कडेला, पहिल्या रांगेत. मुलगी बाजूला उभी. जनरलने रणगाडा जमिनीवर ठेवला, बटण दाबलं. मोटरचा घरघराट झाला, पंप टुकटुक करू लागला.

"येतोय?" काकांनी विचारलं.

"येतोय की," मुलगी म्हणाली.

"कसा?"

"चांगला. दाट."

सामना सुरू झाला. काकांना मैदानाच्या जागी नुसता उजेड दिसत होता आणि त्यात काही काळपट सरकत होतं. ते कानांनी बघत होते. जनरलचा रणगाडा खडीवर चढला, तो त्याचा आवाज. दगडावरून धप्पकन उतरला, तोही त्याचाच. शिट्टी वाजली की काका खुर्चीत पुढे सरकायचे. "कुणाची?" ते विचारायचे. "दुसऱ्याची," मुलगी सांगायची. एक एक रणगाडा काखेत बसून मैदानाबाहेर जात होता आणि जनरलचा आपला घरघरतच होता. काकांचे खांदे हळूहळू सैल झाले. ते हसलेसुद्धा. "अगं, हात आहेत अजून," ते म्हणाले, आणि वाहणारे डोळे बाहीने पुसले. मुलगी मैदानाकडे बघत होती.

शेवटची शिट्टी झाली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, पण टाळ्या जरा बेताच्या होत्या, आणि या लोकांना टाळ्या बेताने वाजवता येत नाहीत हे काका जाणून होते. जनरल रणगाडा चालवत त्यांच्या पायाशी घेऊन आला.

"काका, जिंकलो," तो म्हणाला. तो हळू बोलला. जनरल हळू बोलला.

पंप अजून टुकटुक करत होता. काका खुर्चीतून वाकले आणि शाबासकी द्यावी तसा त्यांनी रणगाड्याच्या पाठीवर हात ठेवला. पत्रा गार होता. त्यांनी हात मागे सरकवून तळवा नळीच्या तोंडाशी धरला. नळीतून वारा येत होता, थंड, कोरडा, नुसता वारा. डबी केव्हाच गार पडली होती. तारेचं टोक कुठल्या तरी धक्क्याला निसटलं असणार, कदाचित पहिल्याच. आणि ज्या माणसाने स्वतःवर शिट्टी वाजवली होती त्याने आज आपली शिट्टी ओठांपासून लांब ठेवली होती. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. कुणीतरी कुणाला तरी खुणावलं असणार. काकांच्या डोळ्यांदेखत खुणावलं तरी काय बिघडत होतं?

"अजून येतोय का गं?" काकांनी विचारलं. तळवा तिथेच होता.

"हो बाबा. छान येतोय."

काकांनी हात काढून घेतला. "वा," ते म्हणाले. जनरलच्या दंडावर थोपटलं, सगळ्यांना बरं म्हटलं, आणि मुलीच्या आधाराने गाडीत जाऊन बसले. तिने किल्ली लावली.

"ठरल्याप्रमाणे, बाबा," ती उसन्या उत्साहाने म्हणाली. "तुम्ही इथेच राहायचं. मी येत जाईन."

"सामान न्यायला कधी येतेस?"

"अहो, पण धूर टिकला ना."

"माझा हात होता नळीवर."

किल्ली फिरवलीच नाही तिने.

"नवऱ्याला नाही सूट दिलीस," काका म्हणाले, "मला का दिलीस?"

"माझ्याने नाही झालं, बाबा." तिचा आवाज फुटला. "तुम्ही इतके खुशीत होतात. नाही झालं माझ्याने."

काकांना तिच्यावर रागवायचं होतं, पण राग येईना. आपली ही दगडासारखी पोर आपल्यासाठी खोटं बोलली, याचं त्यांना भरून आलं, आणि त्याच क्षणी सगळं संपल्याचंही कळलं. ते समोरच्या काचेकडे तोंड करून बसले होते. काचेत काही नव्हतं.

"तू ज्यांना नापास करतेस ना," ते म्हणाले, "त्यांना पुढची तारीख देतेस. पुन्हा या म्हणतेस. मला तू पास केलंस गं."